रफू

रफू ही शिवणकामातली सर्वांत मानी कला म्हटली पाहिजे. शिंपी कपडा शिवतो तेव्हा आपले काम चारचौघांना दिसावे अशी त्याची इच्छा असते. रफूवाल्याची सारी धडपड मात्र आपले काम कुणाला दिसू नये म्हणून चाललेली असते. कोटाची बाही खिळ्याला अडकून फाटावी, त्याने तासभर मान खाली घालून उभे-आडवे धागे जुळवावेत आणि आपण ती बाही उजेडात धरून, फाटले होते ते नेमके कुठे, म्हणून शोधीत राहावे! ही दुकाने आता दिसेनाशी होत चालली आहेत. कपडा फाटण्याच्या आतच आपल्याला त्याचा कंटाळा येतो. मग रफू करायचे कशाला?

पण एका रफूवाल्याने अजून धंदा बंद केलेला नाही. तो आपल्या प्रत्येक पेशीत बसला आहे. डोळ्याला न दिसणाऱ्या त्या एवढ्याशा जागेत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा दुपदरी धागा गुंडाळून ठेवलेला असतो. उन्हाने, धुराने, इतकेच काय पण नुसत्या जगण्यानेही तो रोज हजारो ठिकाणी दुखावतो आणि रोज सांधला जातो. आपण फराळाचे ताट पुढे ओढून चकलीचा पहिला तुकडा मोडतो, त्या क्षणीही हे काम बिनबोभाट चाललेले असते.

मी तीस वर्षे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले, तेव्हा एवढे मला पुस्तकांतून ठाऊक होते. पण या रफूवाल्याच्या हातातली सुई काढून घेण्यासाठी माणसे केवढी खटपट करतात, आणि ती खटपट एखाद्याचा जीव वाचविण्यासाठीच असते, हे मी पाहिले ते माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, आजारपणात.

अण्णा एस. टी.त कंडक्टर होता; बत्तीस वर्षे. मागच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीलाही तिकीट काढायला लावील असा त्याचा आवाज. घाटात गाडी बंद पडली, की तोच आवाज अभंगाला लागे आणि उतारू रागवायचे विसरत. निवृत्तीनंतर गावच्या भजनी मंडळाचे पुढारपण त्याच्याकडे आपोआपच आले. खाकी सदरा गेला, पण सदऱ्याच्या खिशातले विड्यांचे बंडल मात्र धोतराच्या कनवटीला आले. मग एके दिवशी आवाज बसला. बसला तो उठेना. ज्येष्ठमध झाला, हळदीचे दूध झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी पुण्याला घशात दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा स्वरयंत्राचा कर्करोग आणि मानेत एक गाठ, असे निघाले.

डॉक्टर वयाने आमच्या मुलांएवढे. ते म्हणाले, "काका, दोन वाटा आहेत." एक वाट शस्त्रक्रियेची, स्वरयंत्र काढायचे आणि श्वासासाठी गळ्याला कायमचे छिद्र ठेवायचे. दुसरी वाट किरणांची आणि औषधाची, दोन्ही एकदम. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले होते, ते त्यांनी कागदावर मांडून दाखविले. पाचशेहून अधिक रोगी तीन गटांत विभागले होते. नुसते किरण दिलेल्यांत दोन वर्षांनी शंभरांपैकी ७० जणांचे स्वरयंत्र शाबूत होते. आधी औषध आणि मग किरण दिलेल्यांत ७५ जणांचे. दोन्ही एकदम दिलेल्यांत ८८ जणांचे.

अण्णाने तो कागद बराच वेळ पाहिला. मग फाटक्या आवाजात मला विचारले, "छबे, आधी दिले काय अन् बरोबर दिले काय, एवढा फरक कसा?"

डॉक्टरांना बाहेर चाळीस रोगी वाट पाहत होते. मला वेळच वेळ होता. गेल्या वर्षी श्रावणात उपचार सुरू झाले आणि पितृपंधरवड्यात संपले. ते सात आठवडे मी भाच्याकडे राहून अण्णाबरोबर रोज इस्पितळात जात होते आणि तुकड्यातुकड्याने त्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर देत होते.

किरणांनी रोग 'जाळतात' असे लोक म्हणतात, ते खरे नव्हे. अण्णाला दररोज दोन ग्रे एवढी मात्रा मिळे. आठवड्याचे पाच दिवस, एकूण पस्तीस वेळा, म्हणजे ७० ग्रे. या दोन ग्रेमधली सगळी ऊर्जा पाणी तापवण्यात खर्च केली, तर पाणी एका अंशाच्या हजाराव्या भागानेही गरम व्हायचे नाही. जळत काहीच नाही, तुटते. पेशीत मुख्यतः पाणीच भरलेले. किरण जाता जाता त्या पाण्याचे रेणू फोडतो, आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा एक अर्धवट, भुकेला तुकडा निघतो. त्याचे आयुष्य एका सेकंदाच्या अब्जांश भागाएवढे. पण तेवढ्यात शेजारी जे सापडेल त्याला तो ओरबाडतो. शेजारी डीएनए असला, की धागा तुटला. एका ग्रेने एका पेशीत सुमारे हजार ठिकाणी एक पदर तुटतो आणि तीस-चाळीस ठिकाणी दोन्ही पदर एकदम तुटतात. तुटलेली जागा कायम तुटकीच राहावी म्हणून जवळ प्राणवायूही लागतो. तो नसला तर त्याच परिणामासाठी जवळजवळ तिप्पट किरण लागतात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बंडल काढून टाकायला लावले ते उगीच नव्हे. विडीच्या धुराने रक्तातला प्राणवायू अडतो, आणि किरणांचा मारा फुकट जातो.

एक पदर तुटला तर रफूवाल्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. समोरचा पदर शाबूत असतो, त्याच्याकडे बघून तो टाके भरतो. दोन्ही पदर तुटले की मात्र पंचाईत. अशा वेळी दोन कारागीर धावून येतात. एक घाईचा. तो कू नावाच्या प्रथिनाची कडी दोन्ही तुटल्या टोकांवर चढवितो आणि टोके जवळ आणून गाठ मारून मोकळा होतो. (हे नाव एका जपानी रोग्याच्या आडनावातल्या अक्षरांवरून पडले. माणसे कशाकशात अमर होतात!) दुसरा कारागीर फार नेटका. डीएनएची नक्कल झालेली असली, तर त्या जुळ्या धाग्याशी ताडून, अक्षर न् अक्षर लावून तो दुरुस्ती करतो. या जुळ्या धाग्याला शास्त्रज्ञ 'भगिनी' म्हणतात. हे ऐकून अण्णाने पाटीवर लिहिले, "म्हणूनच तुला बोलावून घेतली." तोवर बोलणे दुखू लागले होते आणि नातवाची पाटी त्याच्या उशाशी आली होती.

आता कुणी म्हणेल, हे कारागीर निरोगी पेशीतही आहेत आणि रोगट पेशीतही आहेत. मग किरणांनी एकच का मरावी? इथे मला अण्णाच्याच धंद्यातला दाखला सापडला. निरोगी पेशीत पी-५३ नावाचे एक प्रथिन असते. ते म्हणजे डेपोतला खमक्या कंट्रोलर. ब्रेक तपासल्याशिवाय, मोडतोड दुरुस्त झाल्याशिवाय तो गाडी फाटकाबाहेर सोडत नाही. आणि दुरुस्ती अशक्य असेल तर गाडी भंगारात काढतो. तंबाखूने झालेल्या घशाच्या आणि तोंडाच्या बहुतेक कर्करोगांत या कंट्रोलरचाच जीन बिघडलेला असतो. तेव्हा तिथली पेशी तुटक्या धाग्यांनिशी तशीच विभाजनाच्या घाटात शिरते आणि दोन-चार वळणांनी दरीत जाते. म्हणून किरण दिल्या दिवशी गाठ विरघळत नाही. ती पुढे दिवसेंदिवस ओसरत जाते. आणि म्हणूनच रोजची मात्रा थोडी आणि मध्ये चोवीस तासांची विश्रांती. त्या चोवीस तासांत निरोगी पेशींची रफू बरीचशी उरकते, रोगट पेशींची तितकी उरकत नाही. पॅरिसच्या रेगोने गेल्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागात हे एडक्यांवर प्रयोग करून ताडले. एका बैठकीत एडका निर्बीज होईल इतके किरण दिले तर कातडीला जखमा होत. तीच मात्रा काही दिवसांत वाटून दिली तर काम होई आणि कातडी वाचे. तिथल्याच कुतारने तो धडा घशाच्या रोग्यांना लावला. अण्णाचे पस्तीस दिवस हे असे एडक्यांच्या पुण्याईचे.

तरी रोगट पेशीचा कंट्रोलर गेला म्हणून तिचे कारागीर गेलेले नसतात. कू आपली कडी घेऊन तिथेही हजर असतेच. इथे औषध लागते.

त्या औषधाचे नाव सिसप्लॅटिन. मी ते फळ्यावर किती वर्षे काढीत होते! मधोमध प्लॅटिनमचा अणू, एका अंगाला दोन अमोनिया, दुसऱ्या अंगाला दोन क्लोरिन. क्लोरिन शेजारीशेजारी असले तर 'सिस', समोरासमोर असले तर 'ट्रान्स'. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. मिकेले पेरोने या इटालियन रसायनज्ञाने १८४५ साली या संयुगाचे वर्णन केले, आल्फ्रेड वेर्नरने १८९३ साली त्याची रचना उलगडली, आणि नंतर ते नुसते पाठ्यपुस्तकात पडून राहिले. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होता. जंतू वाढत होते, पण दुभंगत नव्हते. वाढत वाढत नेहमीच्या तीनशेपट लांब, शेवयांसारखे झाले. तो प्रताप विजेचा नव्हता, पाण्यात बुडविलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांचा होता. पट्ट्यांतून सुटलेले प्लॅटिनम जंतूंचे विभाजन थांबवीत होते. १९७८ साली अमेरिकेत त्या संयुगाला औषध म्हणून मान्यता मिळाली. ट्रान्सचा मात्र रोगावर काही उपयोग नाही. तेच अणू, तितकेच अणू, फक्त बसायची जागा वेगळी! तीस वर्षे हा भेद मी मुलांकडून पाठ करून घेतला. तो भेद बाटलीत भरून अण्णाच्या खाटेवर टांगलेला दिसेल असे कधी मनातही आले नव्हते.

या औषधाची एक गंमत मिठाशी निगडित आहे. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून रक्तातून जाताना औषधाचे क्लोरिन जागचे हलत नाहीत. पेशीच्या आत क्लोराइड थोडे. तिथे शिरताच क्लोरिन सुटतात, त्यांच्या जागी पाणी येते आणि प्लॅटिनमचे दोन्ही हात मोकळे होतात. त्या हातांनी ते डीएनएमधले ग्वानिन नावाचे शेजारशेजारचे दोन घटक पकडते आणि धाग्याला चांगला बाक आणते. ही गाठ सोडवायची तर रफूवाल्याला आजूबाजूची पंचवीस-तीस अक्षरे कापून काढून तेवढा पदर नव्याने विणावा लागतो.

आणि नेमक्या अशा वेळी किरण आला तर? अण्णाचा प्रश्न इथे येऊन मिळतो. टाका घालण्यासाठी एक पदर उघडा केलेला, आणि किरणाने समोरचा पदर तोडला, तर एकेरी तूट दुहेरी होण्याचा धोका. कूची कडी तुटल्या टोकावरून आत सरकायला जाते, तर प्लॅटिनमच्या बाकाशी अडते, असे प्रयोगशाळांतून दिसले आहे. नेटका कारागीर प्लॅटिनमच्या गाठी सोडविण्यात गुंतलेला, त्याला नव्या फाटणीकडे बघायला फुरसत नाही. दोन्ही उपचार वेगवेगळ्या वेळी दिले, तर प्रत्येकाने फाडलेले सांधायला पेशीला सवड मिळते. एकदम दिले, तर एक फाडतो आणि दुसरा सुई धरणारा हात धरतो.

मी हे सांगितले तेव्हा अण्णाने विचारले, "मग यात वाचतात किती?" मी त्याला आकडा सांगितला. जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर किरणांबरोबर औषध दिल्याने पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात साडेसहाने वाढते. एवढ्या सगळ्या खटाटोपाला हे मला फार थोडे वाटले होते. अण्णा मात्र हिशेबी माणूस; त्याने पाटीवर लिहिले, "शंभर उतारूंत सहा-सात जास्त पोचले. गाडी फायद्यात आहे."

आपल्या मुलखात या रोगाचा हिशेब जुना आहे. परळचे टाटा स्मारक इस्पितळ १९४१ साली उघडले आणि १९४४ सालीच डॉ. खानोलकरांनी मुंबईतल्या मुखाच्या कर्करोगाच्या हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्याच इस्पितळाने २०१८ साली ३०० रोग्यांची चाचणी प्रसिद्ध केली. सिसप्लॅटिन दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम द्यावे, की दर तीन आठवड्यांनी एकदम १०० मिलिग्रॅम, असा प्रश्न होता. (हे माप शरीराच्या दर चौरस मीटरला धरतात.) दोन वर्षांनी घशातला आणि मानेतला रोग काबूत राहिलेले थोड्या मात्रेत शंभरात ५८.५ होते, मोठ्या मात्रेत ७३.१. मोठी मात्रा अंगावर जास्त येते, पण अण्णाच्या डॉक्टरांनी तीच ठरविली. पहिल्या दिवशी, बाविसाव्या आणि त्रेचाळिसाव्या. दरवेळी दिवसभर मूत्रपिंडे धुतली जावीत म्हणून बाटल्यांवर बाटल्या मिठाचे पाणी. ओकाऱ्या, तोंडातल्या जखमा, सात किलो वजन जाणे, वरणाचे पाणीदेखील तिखट लागणे, हे सगळे झाले. ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना सणासुदीला ऐकवायला नको.

गणपती आले ते उपचाराच्या मध्यावर. अण्णाने गावी जायचा हट्ट धरला. दोनच दिवस, आरतीपुरते. डॉक्टरांनी हात जोडले. साधारण चार आठवड्यांनंतर उरल्यासुरल्या रोगट पेशी घाईघाईने दुप्पट होऊ लागतात. अशा वेळी खाडा म्हणजे त्यांना मोकळे रान. चतुर्थीला यंत्र बंद होते, तर त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या एका दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन बैठका दिल्या. मधले सहा तास अण्णा इस्पितळाच्या बाकावर बसून होता. गावच्या आरतीचा आवाज भाच्याने फोनवर ऐकवला, तेव्हा तो म्हणाला, "टाळ नाही का रे वाजवत कुणी?"

टाळ वाजत होते. मला ऐकू येत होते.

पुढे दोन दिवसांनी त्याने वहिनींना विचारले, "बांगड्या काढून ठेवल्यास का?" वहिनी गोंधळून म्हणाल्या, "अहो, हातातच आहेत की." आणि त्यांनी हात हलवून दाखविला. मग त्याने सांगितले, की कानांत रात्रंदिवस रातकिडे ओरडताहेत.

प्लॅटिनम शरीरातून बरेचसे निघून जाते, पण कानाच्या शंखात ते महिनेच्या महिने, वर्षेही मुक्काम करते. तिथल्या केसाळ पेशी आवाज टिपतात. त्यांतल्या बारीक, उंच आवाजाच्या पेशी शंखाच्या तोंडाशीच असतात, आणि पहिला घाव त्यांच्यावर बसतो. टाळ, बांगड्या, पाखरे, भाषेतले स आणि श. माणसाच्या कानातली ही पेशी एकदा मेली, की तिच्या जागी दुसरी येत नाही. रफूवाला जिवंत धाग्यालाच सांधतो.

कानाच्या तपासणीत आलेखाची रेघ उजवीकडे उतरत गेली होती. त्रेचाळिसावा दिवस आठवड्यावर आला होता. डॉक्टर म्हणाले, "दोन मात्रांत दोनशे मिलिग्रॅम झाले आहे. बरेच तज्ज्ञ तेवढे पुरेसे मानतात. तिसरीने आणखी थोडा फायदा होईलही; पण कानांचे जे जाईल ते परत येणार नाही." ज्यांना सिसप्लॅटिन मुळातच झेपत नाही त्यांच्यासाठी डोसेटॅक्सेलची सोय असते. २०२३ साली टाटा इस्पितळाने त्यावरही चाचणी प्रसिद्ध केली. नुसत्या किरणांपेक्षा किरणांबरोबर ते दिलेले रोगी जास्त जगले. पण आमचा प्रश्न तो नव्हता. अण्णाला दोन मात्रा मिळाल्या होत्या. तिसरीच काय ती घ्यायची की नाही?

मी घ्यावी या मताची होते. माझ्या डोळ्यांपुढे ती गाठ होती, कूची कडी होती, आठवड्याला दुपटीने वाढणाऱ्या पेशी होत्या. भाचा माझ्या बाजूचा. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्या नुसत्या बांगड्या मागेपुढे करीत बसल्या. अण्णाने पाटी बाजूला सारली आणि त्या दिवशी दुखत असतानाही तोंडाने बोलला.

"छबे, आवाज राखायला आलो ना आपण? कान गेल्यावर सूर कशाने धरू?"

मी म्हटले, "अण्णा, आधी जीव."

"दोनशे झाले म्हणतात ना ते? गाडी भरली. आता टपावर कुणाला घेत नाही."

तिसरी मात्रा दिली नाही. किरणांच्या पस्तीस बैठका मात्र एकही न चुकता पूर्ण झाल्या. त्याने घेतलेला निर्णय योग्य होता की नाही, हे मला आकड्यांतून काढता येत नाही. आकडे शंभर माणसांचे असतात आणि अण्णा एकच आहे.

दुर्बिणीतून आता घसा स्वच्छ दिसतो. दर दोन-तीन महिन्यांनी जावे लागते, आणि जायच्या आदल्या रात्री घरात कुणाला झोप नसते. आवाज परत आला, पण काळी पाचचा काळी एकवर उतरला, आणि त्यात थोडी खरखर राहिली. तोंडाला पाणी कमी सुटते, म्हणून यंदा वहिनींनी त्याच्यापुरती चकली दह्यात भिजवून द्यायची असे ठरविले आहे. कुरकुरीत चकलीवरून दोघांची दर चार दिवसांनी वादावादी होते. फोनवर माझे बोलणे त्याला दोनदा सांगावे लागते. टाळ वाजलेला त्याला कळतो, पण त्याची मागून रेंगाळणारी कणकण कळत नाही. तेव्हा पखवाजवाल्याच्या बोटांवर नजर ठेवून तो लय धरतो.

पुढची तपासणी नेमकी कार्तिकी एकादशीच्या दिवशी आली होती. अण्णाने स्वतः फोन करून ती आठवडाभर पुढे ढकलून घेतली आहे. त्या रात्री देवळात मंडळाचे भजन आहे, आणि गवळण कोण म्हणणार हे त्याने कुणाला न विचारताच ठरवून टाकले आहे.